बहिरूची ओवाळणी

मैनाला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला ती अंगणात ताट घेऊन चंद्रालाच ओवाळायची. गॅरेजवाल्या बहिरूने तिला जुनी व्हॅन विकली, चालवायलाही शिकवली, आणि एकदा म्हणाला, "ताई, चंद्र काय ओवाळणी घालणार? मी हाय ना!" तेव्हापासून सहा वर्षं पाटावर बहिरूच बसला.

निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या बायका मैना व्हॅनमधून पोचवते. गेल्या दिवाळीआधी गाडी झटके द्यायला लागली. चढ आला की खोकायची, मग बायका उतरून ढकलायच्या. बहिरू म्हणाला, "प्लग अन् वायरी गेल्यात. यंदा ओवाळणी तीच. नव्याकोऱ्या टाकून देतो." दिवसभर गाडी ठेवून घेतली. भाऊबीजेला पाच लाडू हाणले आणि किल्ली ताटात ठेवली. मैनाने साऱ्या गावाला सांगितलं. कुणी विचारलं नाही त्यालाही सांगितलं.

आठव्या दिवशी बागेच्या वाटेवर गाडी बसली. मागून चिमणाबाई ओरडली, "मैने, तुझी ओवाळणी धापा टाकतीया गं!" सगळ्या हसल्या. मैनाही हसली आणि इंजिन बघायला सीट उचलली.

वायरी काळ्याभोर, चकचकीत होत्या. हात लावला तर बोट काळं झालं. वास घेतला, बूट पॉलिश! तिने फडक्याने घासलं तसे खालून लाल ठिपके निघाले. एक, दोन, तीन. दोन वर्षांपूर्वी वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून तिनेच नेलपेंटने दिलेले. प्लग काढले, तेही जुनेच, पॉलिश पेपरने घासलेले.

"काय झालं गं?" चिमणाबाईने विचारलं.

"काय नाय. काजळी धरलीय."

प्लग पुसून परत बसवले, बायकांना हळूहळू पोचवलं आणि परतताना ती गॅरेजवर गेली. बहिरूसमोर काळं बोट धरलं.

बहिरूने आधी बोट पाहिलं, मग हसून घेतलं. "ताई, आतलं कोण बघतंय? आठ दिवस पळाली ना!"

"नुसता नारळ आणला असतास तरी पाट तुझाच होता रे," मैना म्हणाली आणि गाडीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून नवे प्लग, नव्या वायरी आणल्या आणि स्वतः बसवल्या. एकेक जुनी काढायची, तिच्याच जागी नवी लावायची. बहिरूनेच शिकवलं होतं तसं. नेमकं तेच आठवत राहिलं. गाडी एका चावीत सुरू झाली, पण गावात तिने कुणालाच सांगितलं नाही.

यंदा भाऊबीजेला दिवस मावळताना फोन आला. "ताई, येऊ का?"

"फराळाला ये की. शेव लय झालीय. ओवाळायचं मात्र झालं."

फोन ठेवला तेव्हा निरांजनात अजून वात घालायची होती. ती घातली, पेटवली आणि ताट घेऊन मैना अंगणात आली.