कुंदाकाकूंचा श्रावण

डहाणूजवळ नरपडला मी राहायला आले तेव्हा शेजारच्या कुंदाकाकू ओट्यावर बसून टाचणीने एक कॅप्सूल फोडत होत्या. ओळखदेख नसताना त्यांनी तेलाचा थेंब माझ्या तळहातावर टेकवला. "वास घे गं. मासाच आहे ना?" मासाच होता. हात दिवसभर वास मारत राहिला, आणि मला ही बाई आवडून गेली.

कॅप्सूल वापीच्या भाच्याने आणली होती, काकूंच्या मिलिंदसाठी. हा एकुलता एक मुलगा कॉलेजात असताना आजारी पडला. त्याला कुणीतरी सतत बोलताना ऐकू यायचं, लोक आपल्यावर विषप्रयोग करतात असं वाटायचं. डहाणूच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो सावरला आणि घरच्या वाडीत चिकू उतरवू लागला. काकूंचं तेवढ्याने समाधान नव्हतं. कुणी जीवनसत्त्वं सांगो की माशाचं तेल, "ते करतं काय पण?" हा प्रश्न ठरलेला. मी चिडवायचे, डॉक्टर तुम्हाला बघून मागच्या दाराने पळत असतील. "पळू दे. उत्तर देऊन पळू दे!"

डॉक्टरांनी कॅप्सूल पाहिली आणि म्हणाले, "चालेल. रात्री जेवल्यावर गोळीसोबत देत जा." काकू नेमाने देऊ लागल्या. मग श्रावण लागला. श्रावणात त्यांच्या घरात मासळीचा वासही चालत नसे, त्यामुळे कॅप्सूल बंद. दोन्ही सोबत द्यायला सांगितलंय, मग एकटी गोळी कशी द्यायची, म्हणून गोळीही बंद. इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईचा नेमका हाच विचारायचा राहिला.

गोकुळाष्टमीच्या सुमारास मिलिंदने आईच्या हातचं खाणं सोडलं. "तू पण त्यांना मिळालीस," म्हणाला आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. काकू लांबूनच हात जोडून उभ्या होत्या. शेजाऱ्यांनी गोडीगुलाबीने त्याला उतरवलं आणि आम्ही रिक्षाने डहाणू गाठलं.

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "काकू, आजाराला आवरते ती गोळी. कॅप्सूल नुसती जोडीला. राहिली तर राहू दे, गोळी थांबवायची नाही."

काकूंनी डोळे पुसले आणि तरीही विचारलंच, "मग ती कॅप्सूल करते काय?"

"काहींना थोडा फायदा होतो, काहींना नाही. मिलिंदला होईल का, मला खरंच माहीत नाही."

परतताना काकू म्हणाल्या, "माहीत नाही म्हणतो, म्हणजे माणूस खरा आहे." मिलिंदला पुन्हा वाडीत जायला बरेच महिने लागले.

गेल्या थंडीत काकू अचानक गेल्या. त्या रात्री शेजारून आलेली पिठलं-भाकरी मिलिंदने कशीबशी खाल्ली आणि तो गोळ्या शोधू लागला. त्याची आत्या म्हणाली, "अरे, आईला पोचवून आलास. आज तरी औषध राहू दे."

"नाही आत्या. आईने सांगितलंय, सण असो नाहीतर सुतक, गोळी चुकवायची नाही."

त्याने गोळी घेतली. मला रडू आवरेना. कॅप्सूलची बाटली त्याने हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि फळीवर ठेवून दिली.

"ही मासळी आहे. ही राहू दे तेराव्यापर्यंत."