फुकटच्या वाटाड्यांचा सत्कार

आमच्या गावामागच्या डोंगरात जुनं लेणं आहे. पाटोद्याहून लिंबागणेशाकडे निघालेली माणसं वाट वाकडी करून ते बघायला यायची, आणि आधी आमच्या दारात उभी राहायची, कारण लेणं दाखवायचं खूळ माझ्या नवऱ्याच्या डोक्यात होतं. पेरणी असो की मळणी, कोणी परका दिसला की हातातलं काम टाकून मालक डोंगराला लागायचे. जोडीला गावातला म्हातारा पिंजारी, तोही तसलाच. दोघांनी उभ्या जन्मात त्या कामाचा पैसा घेतला नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "फुकट कावून राबता?"

"पैसा घेतला की धनी आला," ते म्हणाले. "मग त्यो म्हनल तवा चढायचं आन् म्हनल तवा उतरायचं."

वेठबिगार चुकवायला लोक रानात लपायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. आणि आमचे आपणहून राबत होते.

आतल्या दालनात अंधार. तिथल्या मूर्ती दाखवायला दोघं आपापले पांढरे पटके सोडायचे आणि लेण्याच्या तोंडाशी उन्हात ताणून धरायचे. कापडावरचा उजेड आत पडायचा. पाहुणे सावलीत मूर्ती बघणार, आणि दोन उघड्या डोक्याचे म्हातारे बाहेर उन्हात करपणार. याचीच त्यांना केवढी ऐट. पटके धुवायला मी होतेच.

मग सरकारला लेण्याची आठवण झाली. पितळी बिल्ल्याचा पगारी चौकीदार आला. तो तहसीलदाराच्या बायकोच्या माहेरचा होता. पण फुकट दाखवणारे असताना त्याला कोण विचारणार? म्हणून हे दोन म्हातारे त्याला वर नकोत. पगार असता तर बंद करता आला असता, नोकरी असती तर काढून टाकता आलं असतं. ज्याला काही दिलंच नाही, त्याच्याकडून काढून काय घेणार? तेव्हा पाटलाच्या सुपीक डोक्यातून निघालं, आपण यांचा सत्कार करू.

चावडीपुढे गाव जमला. आम्ही बायका भिंतीआड उभ्या. तहसीलदार ऊन डोक्यावर आल्यावर उगवला. लेणं कुठल्या बाजूला आहे, असं त्याने बसल्याबसल्या पाटलाला विचारलं आणि पाटलाने भलत्याच डोंगराकडे बोट केलं. कोणी हसलंसुद्धा नाही. मग तेव्हाच्या सरकारी भाषेत, उर्दूत, पुष्कळ वेळ भाषण चाललं. शेवटी तो म्हणाला, "अब आप लोग घर बैठकर आराम कीजिए."

पाटलाने मराठीत सांगितलं, "सरकार तुमच्यावर लई खूश हायेत."

एवढंच. पुढचं गिळून टाकलं. तोंडावर सांगायची छाती नव्हती. दोघांच्या डोक्याला लाल फेटे बांधले, पाटलाच्या पोराच्या लग्नातले. एकावर हळदीचा डाग होता, तो आमच्या वाट्याला आला. उर्दू कळत असल्यामुळे पिंजारी मान खाली घालून बसला होता. आमचे मात्र नवरदेवासारखे फुलले होते. गावभर मिरवून घरी आले आणि मलाच विचारतात, "पाह्यलंस का, सरकारला कळती किंमत."

पिंजाऱ्याच्या खाली गेलेल्या मानेवरून मी काय ते ओळखलं होतं; मला त्या भोळेपणाची चीड आली. तरी मी ते सांगितलं नाही, एक दिवस तरी मिरवू दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून डोंगर चढले ते ऊन तापायच्या आत परत आले. ओसरीवर बसले. फेटा सोडत म्हणाले, "चौकीदार म्हनतो, काल तुमाला निरोप दिला की. आता वर यायचं तर तहसीलचा परवाना आना."

मी जन्मभर त्या डोंगराला शिव्या घातल्या होत्या. पण हा माणूस भर दुपारी घरात रिकामा बसलेला मला बघवेना. पाटलाच्या दारात जाऊन तो फेटा त्याच्या तोंडावर फेकावा, असं वाटलं. मालकांनी जाऊ दिलं नाही. म्हणाले, "सत्कार केलाय त्यांनी. बरं दिसंल का?" पाटलाने हे बरोबर ओळखलं होतं. मान दिलेल्या माणसाला भांडतासुद्धा येत नाही.

पुढे दिवाळीनंतर तलवाड्याहून एक बैलगाडी आली. गाडीवान पोरगा असताना बापाबरोबर येऊन गेला होता, आता बायकापोरांना घेऊन आला होता. सवयीने आमच्याच दारात थांबला.

"मावशी, ते लेणं दावनारे म्हातारे हायेत का?"

"हायेत."

"मग हाक मारा की. पोरं लई लांबून आलीत."

मालक दाराआड बसून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले नाहीत.

"ते आता कुनाला दावत न्हाईत," मी म्हणाले.

"कावून? आजारी हायेत का?"

"न्हाई बाबा," मी म्हणाले. "त्यांचा सत्कार झालाय."