पाण्याकडं पाठ

सुट्टीला जायचं गाव ठरलं त्या रविवारी घरात आम्ही पाच जणं होतो. माझा मुलगा महेश, सून प्राजक्ता, नात ईरा, मी, आणि माझे धाकटे दीर दत्ताराम. त्यांना मी भावजी म्हणायची. आता चारच आहोत. मी सांगते आणि प्राजक्ता लिहून घेते. माझी शाळा दुसरीतच सुटली.

शारजात अल मजाजला महेशचं घर आहे, चौदाव्या मजल्यावर. बाल्कनीच्या खाली समुद्राचं आत आलेलं पाणी, रात्री त्यात दिवे दिसतात. त्या पाण्यासाठीच घराला भाडं जास्त. आणि भावजी बाल्कनीत खुर्ची टाकायचे ती घराकडं तोंड करून. पाठ पाण्याला, नजर माझ्या शेगडीवर. प्राजक्ता हसायची, म्हणायची, काका, भाडं वसूल करा की. ते म्हणायचे, "समुद्राकडं बघत बसायचं नसतं गो. त्याला वाटतं आपण काय तरी मागतोय."

आमच्या गावात रत्नागिरीकडं म्हातारी माणसं धक्क्यावर अशीच बसतात. पाण्यातून पोट भरायचं, पण त्याच्याकडं टक लावायची नाही. माझे मालक मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. होडी सापडली, माणूस सापडला नाही. महेश तेव्हा चार वर्षांचा. लोक भावजींना म्हणाले, लगीन करून घे, तुझं तू बघ. ते म्हणाले, आधी पोराचं होऊ दे. मग ते इकडं शारजाजवळ उम्म अल कुवैनला आले, बोटींच्या कारखान्यात. बोटीचं पोट घासायचं, मग रंग मारायचा. तीस वर्षं घासलं. पोराचं झालं, पण त्यांचं लगीन राहिलंच. नाकातोंडात फायबरची धूळ आणि कानात घासायच्या मशीनचा आवाज. रूमवर झोपले तरी तो आवाज कानात चालूच असायचा म्हणे.

छातीनं काम थांबवल्यावर महेशनं त्यांना इकडं आणलं, व्हिजिट व्हिसावर. नाकाला नळी लागली. बाजूला ऑक्सिजनचं मशीन घुमायचं. भावजी म्हणाले, "बघ वहिनी, मशीन माझ्या मागं घरापर्यंत आलं."

ग्रीसचं महेशच्याच डोक्यात आलं. त्याच्या ऑफिसातले सगळे जाऊन आलेले. भावजींनी कधी तरी एका ग्रीक कप्तानाच्या बोटीला रंग मारला होता. तो कप्तान म्हणायचा, आमच्या गावात दुपारी कोंबडासुद्धा झोपतो. ही गोष्ट भावजी आम्हाला कितीदा सांगायचे. महेश म्हणाला, काका, जाऊ या आपण. पण गाव तुम्ही निवडायचं. भावजींनी एकच अट घातली. समुद्रकाठचं पाहिजे, आणि कुठल्याच मशीनचा आवाज नको.

तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की ईरा टॅब घेऊन त्यांच्या पायाशी बसायची. आणि भावजी एकेक गाव नापास करायचे. एका गावातली घरं फार पांढरी, म्हणाले, डोळ्याला चष्मा लागेल. एका गावात पायऱ्या फार, आणि सामान गाढवं वाहतात. म्हणाले, "आपण सुट्टीला जायचं आणि गाढवाची हमाली बघायची?" एका हॉटेलात समुद्राला लागूनच पोहायचा तलाव होता. त्यावर तर ते खोकला येईस्तोवर हसले. समुद्राच्या कडेला टाकी बांधणारा गाववाला शहाणा नाही म्हणाले. आणि खुर्च्या पाण्याकडं तोंड करून मांडलेल्या दिसल्या की लगेच, "हे गिऱ्हाइकाचं गाव. पुढचं दाखव."

ईरा कंटाळायची. "आजोबा, यू आर सो पिकी."

"म्हणजे काय गो?"

"म्हणजे तुम्हाला काहीच आवडत नाही."

"तुझी आजी आवडत्ये की. तिच्या हातची आमटी आवडत्ये."

मधल्या काळात मी आणि महेश डॉक्टरकडं जाऊन आलो. डॉक्टरनं हिंदीत सांगितलं, जहाज में नहीं बैठ सकते. जहाज म्हणजे विमान. छातीत आता काही उरलं नाही, जितके दिवस जातील ते आपले म्हणायचे. टॅक्सीत महेश खिडकीकडं बघत राहिला. घरी आल्यावर काकांना काही बोलला नाही. मीही नाही. रविवार आला, ईरा टॅब घेऊन बसली, आणि महेश म्हणाला, चला काका, आज कुठलं बेट? मी भांडी घासायला गेले.

मग एका दुपारी मी गवार मोडत होते. मुलं कामावर, ईरा शाळेत. भावजी त्यांच्या खुर्चीत. नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाले, "वहिनी, डॉक्टर नाय म्हणाला ना?"

मी गवार मोडत राहिले. त्यांना काय ते समजलं.

म्हणाले, "गाव ठरलं तर पोराला तिकिटं काढायला लागतील. म्हणजे त्याला माझ्या तोंडावर नाय म्हणायला लागंल. त्याला ते जमायचं नाय. बाप गेला तवापण त्यानं एकदा विचारलं नाय, बाबा कुठं आहेत म्हणून. सगळं पोटात ठेवतो. तर गाव ठरूच नये. मी आहे तोवर मी खोट काढतो."

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून रविवारी मला ते ऐकवेना. ते खोट काढायचे, पोरं हसायची, आणि मला वाटायचं, काढा भावजी, अजून एक काढा. दर गावाला एक रविवार पदरात पडत होता. पण पुढं पुढं खोट बारीक होत गेली. झाड वाकडं आहे. कुत्रा भुकेला दिसतो. मग नुसतंच, "पुढचं."

आणि तो रविवार. ईरानं कार्पाथोस नावाच्या बेटावरचं एक गाव काढलं. दोन डोंगरांच्या मधे चिमटीएवढं. सात-आठ घरं, वर ओढून ठेवलेल्या होड्या, आमच्या सुरूसारखं एक झाड पाण्यावर वाकलेलं. झाडाखाली दोन म्हातारे बसलेले, पाण्याकडं पाठ करून.

भावजी बघत राहिले. आम्ही वाट बघत होतो. ईरानं तर पुढचं गाव काढायला बोट उचललंसुद्धा होतं.

भावजी म्हणाले, "हे चांगलं आहे."

ईरानं टाळ्या वाजवल्या. प्राजक्ताच्या हातातला कप बशीवर वाजला. महेशनं माझ्याकडं बघितलं. मग हसून म्हणाला, हो काका, बघतो तिकिटं. भावजी म्हणाले, "बघ. घाई नाय."

सगळे आत गेल्यावर मी त्यांच्या पाठीला उशी दिली आणि विचारलं, खरंच आवडलं का? ते डोळे मिटून बोलले. "आवडलं गो. त्यातपण खोट होती. पण काढायलासुद्धा दम लागतो. खलास."

पुढच्या रविवारी ते हॉस्पिटलात होते, आणि तिथून ते घरी आले नाहीत. महेश राख ग्रीसला न्यायची म्हणत होता. मी म्हटलं, नको, तिथं त्यांना कोण ओळखतं. आपल्या रत्नागिरीकडं नेऊन गावच्या खाडीत सोडली. महेश आजपर्यंत रडला नाही. ती खुर्ची बाल्कनीत अजून तशीच आहे, शेगडीकडं तोंड करून. तिच्यावर कुणी बसत नाही.

त्या गावात खोट कसली होती, ते मी विचारलं नाही. तो फोटो मी ईराला कितीदा काढायला लावते. मला काही सापडत नाही.

तुमच्यापैकी कुणी कार्पाथोसला गेलात, तर वर ओढलेल्या होड्या आणि वाकलेलं झाड असलेलं ते गाव शोधा. झाडाखाली थोडा वेळ बसा, पाण्याकडं पाठ करून. आणि खोट काय होती ती दिसली, तर मला कळवा.