सोमसीचं रिकामं ताट

वनिता गुप्ते एकेचाळीस वर्षं कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये राहत होत्या. नवरा राजन इथल्याच युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करून रिटायर झालेला, मुलगा लांब व्हँकुव्हरला. आपल्या घरून कुणी अर्धपोटी गेलं नाही, एवढी एकच बढाई त्या मारायच्या, आणि ती खरी होती. राजनच्या स्टुडंट्सपासून फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसापर्यंत सगळे त्यांच्याकडे जेवून गेले होते.

सोमसी त्यांना सीनियर्सच्या स्विमिंग क्लासमध्ये भेटली. चार वर्षांपूर्वी थायलंडहून मुलीकडे राहायला आलेली, विधवा, इंग्रजी जेमतेम. वनिताताई तिच्याहून पाच वर्षांनी मोठ्या, म्हणून ती त्यांना ‘पी वनिता’ म्हणायची. पी म्हणजे थोरलं भावंड. दोघींची घरं दोन रस्त्यांच्या अंतरावर. दर शुक्रवारी दुपारी सोमसीनं गुप्त्यांकडे जेवायला यायचं, असं हळूहळू ठरूनच गेलं.

एकदा वनिताताई आणि राजन तिच्याकडे जेवायला गेले होते. टेबलाच्या मधोमध चार वाडगे, प्रत्येकानं चमचा-चमचा घ्यायचं. कुणी वाढेना, घ्या म्हणेना. दोन चमचे खाऊन वनिताताई वाट बघत बसल्या आणि घरी येऊन दोघांनी टोस्ट खाल्ला. बिचारीला वाढायची सवय नसेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्यानंतर तिला दुप्पट वाढायला लागल्या.

सोमसी सगळं संपवायची. ताट रिकामं दिसलं की वनिताताई पुन्हा वाढायच्या, आणि ती पुन्हा संपवायची. हसत हसत. इतकं मनापासून जेवणारं माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्यांनी पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या पोळीनंतर सोमसीनं ताटावर हात धरला, पण ती हसत होती. लाजतेय झालं, असं म्हणून वनिताताईंनी तिसरी वाढली, वर तुपाची धार सोडली. मग चौथी. सोमसीनं चौथीही खाल्ली, हात जोडले आणि बूट चढवून बर्फातून जपून पावलं टाकत घरी गेली.

सोमवारी तिची मुलगी नोक दारात उभी राहिली. आत आली, पण कोट काढेना. आईला शुक्रवारी संध्याकाळी इमर्जन्सीत न्यावं लागलं, शुगर भयंकर वाढली होती, काल घरी सोडलं, असं तिनं सांगितलं. सोमसीला अकरा वर्षांपासून डायबेटिस होता.

वनिताताई म्हणाल्या, “मला एका शब्दानं बोलली नाही ती.”

“ती नाहीच बोलणार, आंटी,” नोक म्हणाली. “आमच्याकडे पोट भरलं की ताटात थोडं टाकतात, म्हणजे यजमानाला कळतं. पण अंकल शेवटचं शीतही ठेवत नाहीत, हे तिनं पाहिलं. तुमच्याकडे टाकलं तर अपमान होईल म्हणून ती संपवते, आणि संपवलं की तुम्ही वाढता.”

मग नोकनं विनवून सांगितलं, की काही दिवस तिला जेवायला बोलावू नका, आणि मी येऊन गेले हे तिला कळू देऊ नका. आधीच्या सगळ्या जेवणांचं तुम्हाला वाईट वाटेल, तुमचा जीव आपल्यामुळे अवघडेल, याच भीतीनं ती गप्प राहिली होती. याला थाय भाषेत एक शब्दच आहे, क्रेंगजाय. तुम्हाला कळलं हे तिला समजलं, तर ती पुन्हा तुम्हाला तोंड दाखवणार नाही.

त्या रात्री वनिताताई जेवल्या नाहीत. राजन म्हणाला, तुला काय माहीत होतं? ते खरं असलं तरी त्याचा उपयोग नव्हता.

पुढचे तीन शुक्रवार त्यांनी सबबी सांगितल्या. सर्दी, प्लंबर, डेंटिस्ट. तिसऱ्या सबबीनंतर सोमसीनं स्विमिंगला येणं बंद केलं. एकदा सकाळी दारात झाकलेला डबा मिळाला. आत कलिंगडाची कोरलेली फुलं होती. एकेका पाकळीला किती वेळ लागला असेल, हे बघूनच वनिताताईंना रडू आलं. ती माफी मागत होती, आणि कशाची, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी फोन करून तिला चहाला बोलावलं. टेबलावर बिनसाखरेचा चहा आणि भाजलेले मखाणे. सोमसीनं त्या बशीकडे पाहिलं, मग हलक्या आवाजात विचारलं, “पी, मी काही चुकले?”

खरं सांगायची सोय नव्हती. गप्प राहणंही शक्य नव्हतं. वनिताताईंच्या तोंडून निघून गेलं, “नाही गं. मलाच शुगर निघालीय. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून घरात काही करतच नाही.”

त्यांना वाटलं होतं, आता तरी ही म्हणेल, मलाही आहे. पण सोमसीचे डोळे भरून आले. बराच वेळ ती वनिताताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.

पुढच्या शुक्रवारी ती कारल्याच्या सुपाचं मोठं पातेलं घेऊन आली. त्याच्या पुढच्याही. शुगरला चांगलं असतं म्हणे. ती समोर बसून वनिताताईंचं सूप संपेपर्यंत बघायची आणि सोबत म्हणून स्वतःही प्यायची. वनिताताईंना कारलं लहानपणापासून आवडत नव्हतं.

एप्रिलमध्ये ग्रोसरीत नोक भेटली. आईची शुगर चांगलीच उतरलीय म्हणाली. मग जरा घुटमळली. आईनं तुमच्यासाठी विहारात भिक्खूंना जेवण दिलं, तिथल्या सगळ्या बायकांनी तुमच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली, असं तिनं सांगितलं.

“आता काय करू गं मी?” वनिताताईंनी विचारलं.

नोकनं त्यांच्या कार्टमध्ये पाहिलं. राजनसाठी घेतलेला गूळ होता. त्यावर तिनं हलकेच पालकाची जुडी ठेवली. तिची आई मागच्याच रॅकपाशी होती.