पासलीच्या निवाऱ्यातल्या उंच खुंट्या

निसर्गाच्या ओढीनं निघालो वगैरे लिहिणार नाही. मी निघालो खोट काढायला.

केतकी आणि मी आर्किटेक्चरच्या एकाच वर्गात होतो. तिसऱ्या वर्षात मी कॉलेज सोडून भोरला घरी आलो, ती राहिली. तिच्यावरचं प्रेम मात्र सुटलं नाही, आणि ते तिला सांगायचंही राहून गेलं. आता तिनं पासलीला लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांसाठी छोटासा निवारा बांधलाय. "एक रात्र राहा आणि काय चुकलं ते सांगा," असा तिचा मेसेज मला आला, तोही दुसऱ्याच कुणाकडून फिरत फिरत. खाली सही होती, 'केतकी आणि अद्वैत'. मधे नुसता स्वल्पविराम टाकला असता तर काय बिघडलं असतं?

ठरवलं, जायचं. त्या अद्वैतचं काम उभं-आडवं तपासायचं, आणि तिथं केतकी भेटलीच तर मनातलं एकदाचं बोलून टाकायचं.

शनिवारी उजाडताच भोर सोडलं. कापूरहोळपर्यंत पाय मोकळे होतात. पुढं नसरापूर फाट्यापर्यंत हायवे आहे; ट्रकवाल्यांशी ईर्ष्या करू नका, कडेनं चला. फाट्यावरून आत वळलात की खरी सफर सुरू. भातकापणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना खाचरं पिवळी झालेली, रस्त्यावर जागोजागी भारे घेऊन चाललेली माणसं. घंटी वाजवत जा.

विंझरला थांबलो. पन्नास रुपयांत वडापाव, चहा, परत वडापाव होतो. टपरीवाले काका माझ्या सायकलकडं बघत म्हणाले, "तुमी एकटंच? मागल्या आठवड्यात जोडी गेली ना वर. पोरगी लई हसत हुती."

"कशावर हसत होती?"

"आता ते म्या कसं सांगू? त्यो सांगत हुता, ती हसत हुती."

दुसरा वडापाव कागदात बांधून घेतला आणि निघालो.

वेल्ह्यात पाणी, बिस्किटं, पंक्चरचं सामान बघून घ्या. पुढं दुकानं तुरळक, मोबाईलची रेंज त्याहून तुरळक. समोर तोरणा एवढा मोठा उभा असतो की चढावर आपण किती हळू चाललोय ते कळत नाही. मला मात्र प्रत्येक वळणावर एकच प्रश्न पडत होता. अद्वैत हा चढ न उतरता चढला असेल का? म्हणून मीही उतरलो नाही. तुम्ही उतरा. गुडघे आपलेच असतात.

पासलीच्या अलीकडं रस्त्याला लागून निवारा दिसला. दगडी जोतं, कारवीचा कूड शेणामातीनं लिंपलेला, वर कुणाच्या तरी जुन्या घराची कौलं. आत डोकावलो आणि आनंदानं उडीच मारली. आढ्यापर्यंत पेंढा! गावानं चक्क कोठार करून टाकलं होतं.

शेजारच्या घरातून हौसामावशी आल्या. जागा त्यांचीच.

"मावशी, हे सायकलवाल्यांसाठी ना? मग पेंढा कसा भरलात?"

"मंग काय रिकामं ठेवू व्हय? केतकीच म्हनली, मानूस नसंल तवा भरा. रिकाम्या घराला वाळवी लागती बाबा. आन् निजायला पेंढ्यावानी गादी न्हाई. चल, लाव हात."

म्हणजे हेही ठरवून केलेलं. वर्षभर कुणीतरी वापरतं, म्हणून कुणीतरी जपतं. चांगलीच कल्पना होती, आणि म्हणूनच डोक्यात गेली.

आम्ही पेंढ्या बाहेर काढत होतो तेवढ्यात दोन सायकली येऊन थांबल्या.

"सम्या! तू?" केतकी ओरडली. "आणि कामाला पण लागलास?"

शेजारच्या उंच माणसानं हात पुढं केला. "तूच समीर ना? हिच्याकडून फार ऐकलंय."

"काय ऐकलंयस?"

"हेच. चिडलास की कान लाल होतात म्हणून."

मी हात मिळवला. काय करणार?

केतकी मला कौलांबद्दल सांगत होती. बोलता बोलता अद्वैतनं तिच्या हातातली सायकल घेतली, आत नेली आणि पुढचं चाक भिंतीवरच्या लाकडी खुंटीला अडकवून टांगली. शेजारी स्वतःची. झोपायला जमीन मोकळी राहावी म्हणून ही सोय. केतकीनं मानही वळवली नाही.

मी खुंटीकडं बघितलं, मग केतकीकडं. ती माझ्या खांद्याएवढी आहे.

"केतकी, तुझी सायकल तू टांगून दाखव."

"म्हणजे?"

"टांग ना!"

अद्वैतनं सायकल उतरवून दिली. तिनं छातीपर्यंत उचलली, टाचा वर केल्या. चाक खुंटीच्या वीतभर खालीच राहिलं.

"एकटी बाई दिवसभर चालवून, दमून आली तर सायकल काय डोक्यावर घेऊन झोपेल?" माझा आवाज नको तेवढा चढला होता.

"अरे हो की!" केतकी म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही. दर वेळी हाच अडकवतो ना." आणि ती त्याच्याकडं बघून हसली. विंझरच्या काकांनी सांगितलेलं हसू हेच असणार.

खोट सापडली होती, आणि मला विचारायचं होतं त्याचं उत्तरही.

"लगीन करून टाका," मावशी म्हणाल्या, "म्हंजे खुंटी ऱ्हाईल तशीच!"

मावशींकडं जेवण सांगितलं तर मिळतं. नाचणीची भाकरी, पिठलं, नव्या तांदळाचा भात. तीन जण आरामात झोपतात. पांघरूण न्या, पेंढा मात्र अंगाला टोचतो. कुडातून वाऱ्याची एक झुळूकही आत आली नाही. आली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी अद्वैत मावशींकडं हातोडी मागायला गेला. केतकी भिंतीशी हात उंचावून उभी राहिली. मी चुलीतल्या कोळशानं तिच्या बोटांशेजारी खूण केली.

"तू कॉलेज सोडायला नको होतंस," ती म्हणाली.

"कॉलेजचं सोड. तुला एक विचारायचं होतं."

"माहितीये रे." तिनं हात खाली घेतला. "नाही म्हणाले असते. पण विचारायचंस."

तेवढ्यात हातोडी आली.

परतीला उतार जास्त आहे, ब्रेक तपासा. संध्याकाळी भोरला पोचलो तेव्हा स्वेटरमध्ये पेंढ्याची कुसळं होती, ती आईनं वेचून काढली. हेवा अजून निघालेला नाही. तरी निवारा चांगला आहे, जरूर राहा. आता खुंटी खाली घेतलीय. केतकी एकटी गेली तर तिची सायकल तिला स्वतःला टांगता येईल. ती एकटी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण सोय असलेली बरी.