स्कूटरचा नवा नंबर

निवृत्तीनंतर नर्सबाई दुसऱ्या राज्यात लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा सामानासोबत आपली जुनी स्कूटरही घेऊन गेल्या. तिची नोंदणी नव्या राज्यात करून घ्यायला त्या आज चौथ्यांदा परिवहन कार्यालयात आल्या होत्या. पहिल्या वेळी जुन्या राज्याचा ना-हरकत दाखला नव्हता. दोन दिवस प्रवास करून तो आणला, तर पत्त्याचा पुरावा चालेना. तिसऱ्यांदा साहेबच रजेवर.

"आई, विकून टाक ना ती," सकाळी निघताना लेक वैतागली होती.

"विकायलाही हेच कागद लागतात गं."

खिडकीतल्या कारकुनाने फाइल चाळली. "मावशी, एवढ्याशा गाडीसाठी किती हेलपाटे घालताय?"

"बावीस वर्षं तिनं मला ड्यूटीवर वेळेत पोचवलंय," बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या.

त्याने फाइलवर शिक्का मारला.

दुपारी नवी नंबरपाटी बसली. बाई कोपऱ्यावर चहा पिऊन आल्या, तर त्यांना स्कूटरच सापडेना. जुना नंबर शोधत त्या दोनदा तिच्यासमोरून गेल्या. शेवटी उसवलेल्या सीटवरून ओळख पटली. त्या सीटवर टेकल्या आणि पाय दुखायचे थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या.