कृत्तिकांचा फोटो

त्या कार्तिकात माझी देवावरची श्रद्धा अगदी पातळ झाली होती. आई चार महिने अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं मागणं एकच: "कृत्तिका एकदा दाखीव गे." माझ्या जन्माआधी तिचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला होता. स्वामिमलैच्या मुरुगनाला, म्हणजे कार्तिकेयाला, ज्या सहा कृत्तिकांनी वाढवलं, त्याच आपल्या बाळालाही सांभाळतात, असं ती मानायची. दर कार्तिकात गच्चीवरून त्यांना बघायची आणि मगच जेवायची. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण ते नुसते तारे आहेत असं तिला सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

तिला गच्चीवर नेता येईना, म्हणून माझ्या लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून फोटो काढायचं ठरवलं. मेलकावेरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून दोन-दोन सेकंदांचे काढले, तर नुसते ठिपके. ताऱ्यांभोवतीचा निळा धूसर उजेड काही उमटेना. वेळ वाढवला की रस्त्यावरच्या दिव्यांनी आभाळ पांढुरकं व्हायचं. शिवाय दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर अडखळायची, त्यामुळे ताऱ्यांच्या रेघा व्हायच्या. आमच्या तमिळ मुलखात हे दिवस पावसाचे. आई रोज विचारायची आणि मी "उद्या" म्हणायची. त्या शब्दाची मला लाज वाटू लागली होती.

पौर्णिमा उलटून आठवडा झाल्यावर, संध्याकाळी चंद्र नसताना, सामान रिक्षात घालून नाचियार्कोविल गावाजवळच्या अंधाऱ्या शेतांकडे गेले. पोचते तोच सर आली. शेताच्या कडेला पितळी दिवे घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं, त्यांनी आत बोलावलं.

"हे काय आहे, अम्मा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मी सांगत गेले. का कोण जाणे, कधी न पाहिलेल्या भावाबद्दलही बोलले. त्यांनी मोटरचं चाक बोटांनी हलवून पाहिलं आणि म्हणाले, "ढिलं बसलंय." पितळेची पातळ पट्टी कापून, कानशीने घासून त्यांनी ती फटीत बसवली. चाक न अडखळता फिरू लागलं.

बाहेर आले तर पूर्वेचे ढग विरळ झाले होते. एकच पाच मिनिटांचा फोटो घ्यायचा माझा बेत होता, पण एक ढग आला तरी तो वाया गेला असता. मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे जमतील तेवढे घ्यायचं ठरवलं. खराब झालेले टाकून उरलेले एकावर एक जुळवता येतात. न सांगता कारागिरांनी दुकानातला दिवा मालवला. फोटो चालू असताना दुर्बिणीला हात लावायचा नसतो. मी हात जोडून बसले. कित्येक महिन्यांनी काही न मागता बसले होते. वीसेक मिनिटांत पुन्हा ढग आले.

दुसऱ्या दिवशी जुळवलेला फोटो आईपुढे धरला. निळ्या उजेडावरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"पदर आहे की गे हा," ती म्हणाली. "थंडी वाजत नसेल त्याला."

त्या रात्री ती पोटभर जेवली. पोंगलच्या आधी गेली.

ढग त्या वेळीच का हटले, हे मी कुणाला पटवत बसत नाही. माझ्या हाती दुर्बीण रोखणं होतं, ते मी केलं. बाकीचं मला दिलं गेलं. आता दर कार्तिकात कृत्तिका दिसेपर्यंत मीही थांबते, आणि आई-भावाची आठवण काढून जेवायला बसते.